ताटातली भाकरी राहू दे, तोंडातली पुडी जाऊ दे

कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या लोकांना आपल्या महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव चांगलं ठाऊक आहे. ते गाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. 1987 साली इथे कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 खेडी तिच्यात घेतली. ग्रामीण भागातली अशी ही देशातली पहिलीच नोंदणी. कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, घरोघरी विचारपूस केली आणि कोणाला कुठला कर्करोग झाला याची माहिती चिकाटीने गोळा केली.

त्या नोंदींनी आपल्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक दिलासा देणारी. मुंबईशी तुलना केली तर या खेड्यांत कर्करोगाचं प्रमाण खूपच कमी होतं. स्तनाचा कर्करोग कमी, मोठ्या आतड्याचाही कमी. दुसरी गोष्ट मात्र झोप उडवणारी. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षानुवर्षं आघाडीवर, आणि पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग वरच्या क्रमांकात.

म्हणजे आपल्या गावांकडे एक कवच होतं आणि एक जखमही होती. कवच टिकवायचं आणि जखम भरून काढायची, एवढंच खरं तर आपलं काम. घडतंय मात्र नेमकं उलटं. कवच आपण दरवर्षी थोडं थोडं उतरवून ठेवतोय आणि जखम तशीच भळभळतेय.

त्या कवचात काय काय होतं, हे नीट समजून घेऊ. खेड्यातल्या बायकांची बाळंतपणं लवकर व्हायची, मुलं दोन-दोन वर्षं अंगावर प्यायची. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो, हे पक्कं माहीत आहे. दिवसभर शेतातलं काम, चालणं, अंगावर चरबी नाही. गावात तपासण्या कमी होत असल्याने काही रुग्ण नोंदीतून निसटलेही असतील. आणि या सगळ्याबरोबर होतं ताट. सगळं श्रेय भाकरीला देणं बरोबर होणार नाही. पण तिला यातून वगळताही येणार नाही.

ते ताट जरा आठवून पाहू. मालदांडी ज्वारीची भाकरी. जोडीला तुरीची किंवा हुलग्याची आमटी, मटकीची उसळ, कधी पिठलं. हिवाळ्यात मेथी, शेपू, चाकवत, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला. पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, कुर्डू, टाकळा. कडेला जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, कच्चा कांदा, मुळ्याची फोड. गोडधोड सणासुदीला, तळण पाहुण्यांना, मटण यात्रेला. कुठल्याही आहारतज्ज्ञाने आज कागदावर मांडावं असं हे जेवण आपल्या आज्या चुलीपुढे बसून रोज करत होत्या.

आज ज्वारीच्या शिवारात ऊस आहे, सोयाबीन आहे. यात शेतकऱ्याला बोल लावण्यासारखं काही नाही. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, पाखरं राखायला कोणी नाही आणि भावाची खात्री नाही. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ आले, तसे ताटातही तेच आले. एके काळी गरिबाची म्हणवली जाणारी ज्वारी आज शहरातल्या दुकानात गव्हापेक्षा महाग मिळते. भाकरी थापणारे हातही घरोघर कमी होत चाललेत. आधण घातलेलं पीठ गरम असतानाच मळायचं, परातीत एका लयीत थापायचं, तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि मग विस्तवावर टम्म फुगवायची. ही कला पुस्तकातून येत नाही. शेजारी बसून, दोन-चार भाकऱ्या मोडून, हात भाजून येते.

भाकरीच्या जागी आलंय काय? सकाळी चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटं. मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. संध्याकाळी वडापाव नाहीतर मैद्याच्या शेवया. फ्रीजमध्ये रंगीत साखरपाणी. वाडीवस्तीवरच्या छोट्या दुकानातही समोर लटकतात त्या पाकिटांच्या माळाच. फळ हवं असेल तर मात्र आठवडी बाजाराची वाट पाहायची.

यात एवढं बिघडतं काय, असं कोणी विचारेल. बिघडतं ते पोटाच्या आत. भारतीय अन्नघटकांच्या 2017 च्या अधिकृत तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतुमय भाग असतो, बाजरी आणि नाचणीत त्याहून थोडा जास्त. मैद्यात तो जेमतेम पावणेतीन ग्रॅम. हा चोथा आपल्याला पचत नाही, म्हणून आपण त्याला बिनकामाचा समजत आलो. पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं ते अन्न. ते त्याच्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात. चोथ्यामुळे मळ साठून राहत नाही, घातक द्रव्यं अस्तराला फार वेळ चिकटून राहत नाहीत.

डेनिस बर्किट हा आयरिश शल्यचिकित्सक बरीच वर्षं युगांडात होता. आफ्रिकेतल्या खेडुतांना आतड्याचा कर्करोग क्वचितच होतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्यांच्या चोथाभरल्या जेवणाकडे त्याने 1970 च्या दशकात जगाचं लक्ष वेधलं. त्यानंतरच्या अभ्यासांनी त्याच्या म्हणण्याला बळ दिलं. रोज 90 ग्रॅम अख्खं धान्य पोटात गेलं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी कमी दिसतो, असं जागतिक कर्करोग संशोधन निधीने अनेक अभ्यास एकत्र तपासून सांगितलं आहे. दोन मध्यम भाकऱ्यांच्या पिठात एवढं धान्य सहज बसतं. आणि हो, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पोळीतही चोथा चांगला असतो. भांडण पोळीशी नाहीच. ते मैद्याशी आणि बारीक चाळणीशी आहे.

सगळ्यात आशा वाटावी असा प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे 20 कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातली 20 माणसं यांनी फक्त दोन आठवडे एकमेकांचं जेवण जेवायचं ठरवलं. अमेरिकनांच्या ताटात मका, कडधान्यं, भाज्या आल्या. आफ्रिकनांच्या ताटात मांस आणि चरबी वाढली, चोथा घटला. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट अडीच पटींनी वाढलं, अस्तराचा दाह कमी झाला. आफ्रिकनांच्या पोटात बरोबर उलटं घडलं. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही आणि टळतही नाही. पण शरीर किती लवकर प्रतिसाद देतं, हे यातून दिसलं. पन्नाशी ओलांडलेल्यांनी "आता काय उपयोग" असं मुळीच म्हणू नये.

वजनाचं तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली सांगितलं की शरीरावरच्या जादा चरबीचा 13 प्रकारच्या कर्करोगांशी संबंध आहे. त्यात आतडं आहे, स्वादुपिंड आहे, गर्भाशय आहे, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोगही आहे. चरबी नुसती साठून बसत नाही, ती संप्रेरकं बनवते, दाह वाढवते, इन्सुलिन चढतं ठेवते. म्हणून चालणं महत्त्वाचं. आठवड्याला निदान 150 मिनिटं मोठ्यांनी, रोज तासभर मुलांनी हालचाल करावी असं संघटना सांगते. आता मुलांनी तासभर खेळायचं कुठे? शाळेच्या मैदानावर मंगल कार्यालयाचा मांडव, सोसायटीच्या आवारात गाड्या, आणि संध्याकाळी शिकवणी. मैदान वाचवणं हे आरोग्याचंच काम आहे, हे आपण मोठ्याने म्हणायला हवं.

आता जखमेकडे वळू. कारण ताट कितीही सुधारलं तरी तोंडात पुडी असेल तर त्या सुधारण्याला फारसा अर्थ उरत नाही.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे फक्त 3.8 टक्के निघाले. तोंडात धरणारे, चघळणारे, दातांना लावणारे मात्र 24.4 टक्के. जवळपास दर चौघांत एक. आपलं व्यसन धुराचं नाही, गालफडातलं आहे. म्हणून ते दिसत नाही, त्याचा वास येत नाही, कोणी कोणाला हटकत नाही.

टपरीवर उभं राहून मावा कसा बनतो ते एकदा नीट पाहा. प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारीची कतरण, वर चिमूटभर तंबाखू, बोटभर ओला चुना. मग तो तुकडा गुंडाळून तळहाताखाली रगडायचा, चुना सुपारीत जिरेपर्यंत. विदर्भात यालाच खर्रा घोटणं म्हणतात. तिथे लाकडी पाटीवर तो घोटला जातो आणि अख्ख्या मित्रमंडळात फिरतो. घोटणारा पोरगा पुष्कळदा विशीतला, घेणारे त्याहून लहान. चुन्याने गालाची आतली त्वचा सोलली जाते, तंबाखूतली नायट्रोसामाइन्स त्या उघड्या जागेवर तासन्‌तास बसतात. सुपारी आपलं वेगळं काम करते. तिच्यामुळे तोंडाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ, दोरीसारखी होते. आधी तिखट सोसत नाही. मग तोंड उघडेनासं होतं. पुढे तिथेच कर्करोग होऊ शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असं 2004 सालीच जाहीर झालंय. "मी फक्त साधी सुपारी खातो" या वाक्याने आपण किती जणांना निर्धास्त सोडलंय!

आणि मशेरी. घरातल्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, छोट्या डबीत भरून कमरेला नाहीतर फडताळात ठेवायची. दात दुखतो म्हणून सासूने सुनेला दिली, पोट साफ होतं म्हणून शेजारणीने सुचवली. दिवसातून एकदा लावणारी हळूहळू चार-पाच वेळा लावते. धाकटी मुलगी आईचं पाहून बोट बुडवते. या बायका स्वतःला व्यसनी समजत नाहीत. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. हे सांगणं आपल्या घरापासून सुरू करू या, हलक्या आवाजात, मान राखून.

हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली परळला सुरू झालं. तिथले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1940 च्या दशकातच दाखवून दिलं की आपल्या देशातले काही कर्करोग थेट रीतिरिवाजांतून येतात. तोंडात तंबाखू धरण्यातून, एवढंच काय, कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कसलेल्या धोतरातूनही! रीत माणसाने लावलेली असते, म्हणून ती माणसाला मोडताही येते. धोतराची गाठ सैल झाली. मग चुन्याची डबीही सुटेल.

ती सुटते, याचा पुरावा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळच्या एर्नाकुलममध्ये आणि इतरत्रही हजारो तंबाखू खाणाऱ्यांना वर्षानुवर्षं भेटून समजावलं. ज्यांनी सोडली त्यांच्या तोंडातले पांढरे चट्टे मागे हटले, नवे उठण्याचं प्रमाण घटलं. आपल्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तिथे 2016 पासून 'मुक्तिपथ' हे अभियान गावोगाव दारू आणि खर्रा या दोहोंच्या मागे लागलंय. तिथली गावं स्वतः ठराव करतात, गावातल्या बायका पुढे असतात.

दारूचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार समजावण्यासारखं नाही. ती कर्करोगकारक आहे हे 1988 पासून नक्की आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं आणि बायकांचे स्तन, सगळीकडे ती धोका वाढवते. "थोडी चालते" ही समजूत आता सोडू या. सुरक्षित म्हणावं असं प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आहाराचं आणि सवयींचं बोलताना आजारी माणसाला आरोपी करू नका. आयुष्यात पुडी न शिवलेल्या, भाकरी-भाजी खाऊन शेतात राबलेल्या बाईलाही कर्करोग होतो. वय, अनुवंश, संसर्ग, हवा, निव्वळ दुर्दैव, सगळंच त्यात असतं. टाळता येण्याजोगे कर्करोग 30 ते 50 टक्के, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे उरलेल्यांत कोणाचीच चूक नसते. आणि ज्याची सवय कारणीभूत ठरली, त्यालाही ती सवय आपणच गावाने, घराने, मित्रांनी लावलेली असते. रुग्णाच्या उशाशी बसून "तू खात होतास ना" म्हणण्याने एकही पेशी बरी होत नाही.

तसंच, भाकरी हे औषध नाही. निदान झालं की रुग्णालय गाठायचं, उपचार पुरे करायचे. गोमूत्र, हळदीच्या गोळ्या, चमत्कारी पाणी, साखर तोडली की गाठ विरघळते असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यामुळे जे महिने वाया जातात ते परत मिळत नाहीत.

मग आपण करायचं काय? पुष्कळ काही, आणि आजपासून.

ताटापासून सुरुवात करू. दिवसातून एक जेवण तरी भाकरीचं, मग ती ज्वारीची असो, बाजरीची की कोकणातल्या नाचणीची. थापायला येत नसेल तर गावातल्या बचत गटाकडून घ्या. दोन बायकांचं घर त्यावर चालेल. ज्याला येतं त्याने घरातल्या एका मुलाला आणि एका मुलीला शिकवावी. हो, मुलालाही. शेतकऱ्याकडून ज्वारी थेट घेतली, चार घरांनी मिळून वर्षाची पोती भरली, तर त्यालाही पुढच्या रब्बीला पेरायचा धीर येईल. रोज 400 ग्रॅम भाज्या-फळं पोटात जावीत. यासाठी महागडी परदेशी फळं लागत नाहीत. पेरू, बोरं, सीताफळ, जांभळं, पपई आपल्या बांधावरची आहेत. शेंगदाणे निवडताना बुरशी धरलेला, काळवंडलेला दाणा बिनदिक्कत फेका, कुटात घालू नका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग घडवतं. सलामी, सॉसेज, नगेट यांसारखं टिकवलेलं मांस मुलांच्या रोजच्या डब्यात नको. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो.

तोंडासाठी महिन्यातून एकदा पाच मिनिटं द्या. दिवसाच्या उजेडात, आरशापुढे. ओठ उलटा, गाल ताणा, जीभ उचला. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेला व्रण, गाठ दिसली तर दंतवैद्याकडे जा. आपली तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे शिरतात का पाहा. शिरत नसतील तर आजच दाखवा. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाचीही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करायची योजना आहे. आशाताई बोलवायला आली की "वेळ नाही" म्हणू नका. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने 1998 पासून एक मोठं काम केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी करवली. त्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. डॉक्टर नसलेल्या, तुमच्याआमच्यासारख्या बायकांनी हे घडवलं.

ज्याला तंबाखू सोडायची असेल त्याला एकटं सोडू नका. तंबाखूच्या पाकिटावर 1800-11-2356 हा मोफत मदतीचा क्रमांक छापलेला असतो, तो लावून द्या, शेजारी बसा. सुटून पुन्हा लागली तर हिणवू नका, पुन्हा सुटेल. हळदीकुंकवाच्या, लग्नाच्या, बारशाच्या तबकातून सुपारीची आणि तंबाखूची पुडी काढून टाकू. सुपारी देवापुढे शोभते, ती तिथेच राहू दे. पाहुण्याच्या हातावर बडीशेप, तीळ, जवस ठेवू.

आणि काही कामं एकट्या घराची नाहीत. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी तो मिळतो. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा 2003 चा कायदा आहे, तरी फाटकासमोर टपरी असते. टपरीवाला आपलाच आहे. त्याला उठवून लावण्याआधी चणे-फुटाणे, ताक, उकडलेल्या शेंगा विकायला मदत करू, त्याच्याकडून रोज विकत घेऊ. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून दोनदा भाकरी मागू. वसतिगृहात, कारखान्याच्या उपाहारगृहात, सोसायटीच्या वार्षिक सभेत हाच विषय काढू.

येत्या 2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरेल. तिथे तीन ठराव मांडू या. शाळेभोवती तंबाखू नाही, शाळेचं मैदान मुलांसाठी मोकळं, आणि पोषण आहारात आपल्या शिवारातलं धान्य. शिक्षक, आशाताई, बचत गटाच्या बायका, तालमीतली पोरं यांना आजच भेटू, कागद तयार करू, आणि त्यावर पहिली सही आपली करू.